डब्यातलं बोलणं

'तुमच्या काळी माणसं एकमेकांशी बोलायची हो,' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणणारी बहुतेक पस्तिशीतली असतात, हातात फोन धरून म्हणतात आणि म्हणून झालं की पुन्हा त्यातच मान घालतात. गेल्या दिवाळीत आमच्या कर्जतच्या सोसायटीने ज्येष्ठांचा सत्कार केला. नारळ आणि शाल देऊन झाल्यावर एका मुलीने माझ्या तोंडासमोर फोन धरला आणि विचारलं, 'आजी, इंटरनेट नव्हतं तेव्हा तुम्ही कसं जगत होतात?' मी म्हटलं, 'रुसून.' ती खूप हसली, तिला वाटलं आजी विनोदी आहेत. ते चित्रण तिने कुठेतरी टाकलं आणि त्याला भरपूर अंगठे मिळाले म्हणे. मी विनोद केला नव्हता. माझं लहानपण आणि तरुणपण कडावला गेलं, आणि त्या सगळ्या वर्षांत आमच्या घराने जेवढं बोलणं केलं त्याच्या दुप्पट न बोलणं केलं.

घर गावाच्या कडेला, भाताच्या खाचरांना लागून. माणसं चार: माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, आई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी सुमनताई आणि मी मंदा. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्याने. तांदळाची भाकरी, पाण्याच्या हाताने परातीत थापलेली, तिचा आवाज माजघरातून ओटीपर्यंत यायचा. भात कापून झाला की जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे, त्यामुळे थंडी सुरू झाली की रोज वाल. वालाचं बिरडं, भातात वाल, सुक्या जवळ्यात वाल, दुसऱ्या दिवशी उरलेला वाल. आम्ही कंटाळून जायचो. हल्ली त्याच बिरड्याचं ताट हायवेवरच्या हॉटेलात मिळतं, त्याला 'गावाकडची चव' असं नाव आहे. मुंबईहून गाड्या घेऊन आलेली माणसं आधी त्या ताटाचा चारी बाजूंनी फोटो काढतात, तोवर ते गार होतं, मग गार झालेलं बिरडं खाऊन 'वाव' म्हणतात. बिरडं गरम खायचं असतं एवढी साधी गोष्ट त्यांना कुणी सांगत नाही, आणि मी तर मुळीच सांगणार नाही.

आबा वाईट नव्हते, पण ताठ होते. गावात त्यांना मान होता आणि तो मान सांभाळणं हेच त्यांचं शेतीखालोखाल मोठं काम होतं. मान म्हणजे काय, तर कुणी कसं बोलावलं, कुणी आधी बोलावलं, पंगतीत पान कुठे मांडलं, पहिलं पाणी कुणाला विचारलं. एवढ्या बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवणाऱ्या माणसाला आईचं डोकं चार दिवसांपासून दुखतंय हे लक्षात यायचं नाही. तेव्हा मला हे सगळं मोठेपणाचं वाटायचं. आता त्याचं नुसतं हसू येतं, आणि तेही गोड हसू नाही.

आमच्याकडे लग्नाचं आवतण माणसाने जाऊन द्यायचं. पत्रिका छापत, पण त्या शोभेला. घरचा एक पुरुष रुमालात अक्षता बांधून निघायचा. ज्याच्या घरी जायचं त्याच्या अंगणात उभं राहून घरच्या कर्त्याला नावाने हाक मारायची, तो बाहेर आला की त्याच्या हातावर अक्षता ठेवायच्या आणि म्हणायचं, 'लग्न हाय, चुलबंद आवतण हाय.' चुलबंद म्हणजे त्या दिवशी तुमची चूल पेटता कामा नये, लहानथोर सगळे आमच्याकडे जेवायला. अक्षता हातावर पडेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. घरी कुणी नसेल तर परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. यात एक पाऊल चुकलं तर ते आवतण नव्हेच.

सुमनताईच्या लग्नात ते पाऊल चुकलं. खालापूरला माझी आत्या राहायची, शेवंता, आबांची एकुलती एक धाकटी बहीण. तिच्याकडे आवतण घेऊन आबांचा एक चुलतभाऊ गेला. घर बंद, सगळी शेतावर. त्या शहाण्याला परतीची एसटी पकडायची होती. त्याने बंद दारासमोर उभं राहून रीतसर हाक मारली, उंबऱ्यावर अक्षता टाकल्या, दाराला 'चुलबंद आवतण हाय' असं सांगितलं आणि स्टँड गाठला. शेजारणीने ते पाहिलं आणि संध्याकाळी आत्याच्या नवऱ्याला तिखटमीठ लावून सांगितलं. आत्याचा नवरा आबांच्याच मापाचा. 'आवतण दाराला दिलंय ना, मग दार जाईल जेवायला,' असं म्हणून तो खाटेवर बसला, आणि त्या घरातून लग्नाला कुणी आलं नाही. आमच्यात भाचीला पहिली हळद आत्या लावते. सुमनताई पाटावर तासभर तशीच बसून राहिली, अंगावर काटा येईपर्यंत गारठली, आणि शेवटी कुणा शेजारणीने हळद लावली. आबा मांडवातून सारखे वाटेकडे बघत होते, आणि आपण बघतोय हे कुणाला कळू नये म्हणून वाढप्यांवर ओरडत होते. मांडव उतरला त्या दिवशी त्यांनी बहिणीचं नाव टाकलं. चुलतभावाला मात्र कुणी एक शब्द बोललं नाही. 'माझ्या पोरीच्या लग्नाला माझी बहीन आली नाय,' हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की त्यातला स्वर कुठे चढतो आणि कुठे उतरतो तेही मला पाठ झालं.

पुढच्या वर्षी मला खोपोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी लागली. सकाळची एसटी, कर्जतहून गाडी, आठ तास कानाला हेडफोन आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. भिंतीएवढा बोर्ड होता, त्याला ओळीने भोकं आणि प्रत्येक भोकावर पत्र्याची छोटी झडप. कुणी आपला फोन उचलला की त्याच्या नंबरची झडप टक्‌ करून खाली पडायची. मग दोरीचं टोक त्या भोकात खुपसायचं आणि 'नंबर प्लीज' म्हणायचं. ही दोन इंग्रजी शब्दांची विद्या घेऊन मी गावात मिरवत असे. फोन करणाऱ्यांचा मला पहिल्या आठवड्यातच वीट आला. कारखान्याचे साहेब असे ओरडत, जणू त्यांचा आवाज घाट चढून स्वतःच पुण्याला जाणार होता. व्यापारी 'हॅलो' वीस वेळा म्हणत आणि कामाचं एकदाच. आता रस्त्याने स्पीकरवर ओरडत जाणारी माणसं बघते तेव्हा वाटतं, एवढी यंत्रं बदलली, घसा तोच राहिला.

ज्याच्या घरी फोन नाही त्याच्याशी बोलायचं तर पी. पी. कॉल नोंदवायचा. म्हणजे त्याच्या गावातल्या कुठल्यातरी फोनवर लावायचं, अमक्याला बोलवा म्हणून सांगायचं आणि तो माणूस येईपर्यंत आम्ही लाइन धरून ठेवायची. कडावला असा फोन काशिनाथशेटच्या किराणा दुकानात होता. खालापूरला आत्याच्या घराशेजारी लाकडाची वखार होती, तिथे एक होता. सुमनताईच्या लग्नाला दोन वर्षं होत आली असतील. एका मंगळवारी दुपारी वखारीची झडप पडली आणि पी. पी. कॉल आला: गाव कडाव, माणूस माझे वडील.

मी कर्जतमार्गे कडाव मिळवलं. काशिनाथशेट म्हणाला, 'थांबा, घराकडं सांगावा धाडतो,' आणि रिसीव्हर गल्ल्याशेजारी आडवा ठेवून दिला. मला त्याच्या दुकानातलं सगळं ऐकू येत होतं, कुणीतरी तागडीत डाळ ओतत होतं. मी वखारवाल्याला म्हटलं, 'लाइन धरा, माणूस येतोय.' त्याने ते पुढे सांगितलं नाही, की सांगूनही आत्याला उमगलं नाही, कोण जाणे. त्याने रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि तो कामाला गेला. आत्याने जन्मात फोन धरला नव्हता. कानाला लावला म्हणजे पलीकडे भाऊ आहेच, अशी तिची समजूत. ती बोलायला लागली.

'दादा, मी शेवंता बोलतेय. आइकतोस नं? माझा उजवा हात उचलत नाय रं, चार दिस झालं. जीभ पन जड झालेय, म्हनून म्हटलं बोलून घ्यावं.' मग ती थांबली. दुकानातली डाळ थांबली होती, तिथे आता कुणी बोलत नव्हतं. 'बोलू नको, रागावलास तर रागावलेला र्‍हा. नुसता आईक. सुमनच्या लग्नाला मी आलते. ह्यांना म्हटलं दवाखान्यात जाते, आन् आलते. मांडवात कशी येऊ, आवतण नव्हतं. तुज्या घरामागं पेंढ्याची उडवी हाय नं, तिच्याआड हुबी र्‍हायले. पदरात तांदूळ आनलेवते, अक्षता पडल्या तवा मी बी तितनंच टाकले. पोरगी लय गोड दिसत व्हती रं. तुला वाटलं आसल शेवंती आली नाय. शेवंती आलती. आता तू ये. एकदा ये. बरं, ठेवते.' आणि तिने ठेवला.

'आत्या, थांब, आबा अजून आले नाहीत,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? दोन श्वास. पण मागे सुपरवायझरबाई फेऱ्या घालत होत्या, ग्राहकाच्या बोलण्यात ऑपरेटरने तोंड घातलं की मेमो मिळायचा, आणि मला नोकरीत कायम व्हायचं होतं. मी गप्प बसले. कायम झाले, पेन्शनही घेते आहे. त्या दोन श्वासांची मला लाज वाटते, आजही वाटते. थोड्या वेळाने काशिनाथशेटचा आवाज आला, 'नाय येत म्हनतात. मानूस धाडा म्हनतात. डब्यातनं कोन आवतण देतं का, असं म्हनतात.' मी म्हटलं, 'पार्टीने फोन ठेवलाय,' आणि दोरी काढून घेतली.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा आबा जेवायला बसले होते. मी पायसुद्धा धुतले नाहीत.

'आबा, आज आत्याचा फोन व्हता.'

'म्हाईत हाय.'

'मीच जोडलावता. तिला बरं नाय. ती बोलली, त्यात—'

'थांब,' आबांनी भाताचा हात वर केला. 'डब्यातलं बोलनं या घरात आनायचं नाय. आमच्या मानसानं दाराला आवतण दिलं म्हनून रुसले नं ते? आन् आता मला डब्यातनं आवतण? तिच्या नवऱ्याला यायला काय झालं? पाय मोडलेत त्याचे? मानूस येऊ दे, आसा उठून जातो.'

'आवो, पोरगी काय म्हनते ते आईका तरी,' आई म्हणाली.

'नाय आईकायचं.'

ते हात धुऊन ओटीवर गेले. त्यांचा तर्क त्यांच्यापुरता बिनतोड होता, आणि त्याचंच त्यांना समाधान होतं. बहीण आजारी आहे हे कानावर पडल्यावरही ज्याला आधी हिशेब सुचतो, अशा माणसाशी काय बोलायचं? मी मनात म्हटलं, नका ऐकू. ते मी इतक्या रागाने म्हटलं की ते माझ्या अंगातच राहिलं.

गुरुवारी माझी सुट्टी होती. मी आईला सांगून खालापूरला गेले. बुधवारी सकाळी आत्याची वाचा गेली होती. उजवी बाजू पूर्ण गेलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र लख्ख. तिचा नवरा उशाशी बसून माश्या वारत होता. 'मीच येनार व्हतो गं कडावला, पन हिला टाकून कसा येऊ?' तो म्हणाला. आधीचे चार दिवस काय करत होतास, असं माझ्या ओठावर आलं होतं. मी त्याच्याकडून मूठभर तांदूळ मागून घेतले, कुंकवात घोळले आणि ताटली आत्यापुढे धरली. तिला काय ते कळलं. तिने डाव्या हाताने चिमूट चिमूट करून ते माझ्या रुमालात घातले, अर्धे अंथरुणावर सांडले. डाव्या हाताच्या अक्षता कुणी घेतल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पण तिच्याकडे तोच हात उरला होता.

कडावला उतरले ती थेट आमच्या अंगणात येऊन उभी राहिले. आबा ओटीवर सुंभ वळत होते. रीत म्हणजे रीत. मी त्यांना नावाने हाक मारली.

'नारायणराव हायेत का घरात?'

आई धावत बाहेर आली आणि दारातच थबकली. शेजारच्या ओटीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. पोरीने बापाला नावाने मारलेली हाक त्या गावाने तोवर ऐकली नव्हती.

'मंदे, याड लागलं का तुला? आत ये,' आबा म्हणाले.

'आत यायचं नाय मला. खालापूरवरनं आलेय. आवतण हाय.'

'बाईमानूस आवतण घेऊन येतं व्हय?'

'दुसरं कोन नव्हतं.'

आबांनी सुंभ खाली ठेवलं. 'कुनाचं आवतण?'

'शेवंताबाईचं.'

'कशाचं?'

याला आमच्या रीतीत उत्तर नव्हतं. लग्नाचं असतं, बारशाचं असतं. मी म्हटलं, 'अजून जिती हाय, त्याचं.'

आबा पायरी उतरून आले आणि त्यांनी हात पुढे केला. मी त्यांच्या हातावर त्या अक्षता ठेवल्या. त्यांनी टोपी घातली आणि ते माझ्याबरोबर निघाले. पुढे गावात ही गोष्ट कौतुकाने सांगत, मंदाने बापाला कसं वठणीवर आणलं म्हणून. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही. एका धडधाकट माणसाला मरणाच्या दारातल्या बहिणीकडे न्यायला त्याच्या पोरीला भर अंगणात तमाशा करावा लागला, आणि तोही दोन दिवस उशिरा. याला जे 'जुन्या काळचा जिव्हाळा' म्हणतात त्यांनी खुशाल म्हणावं.

आत्याने आबांना पाहिलं आणि तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. आबा खाटेशी बसले आणि बोलायला लागले, दोन वर्षांचं सगळं, गाय व्यायली ते, सुमनला मुलगा झाला ते, वाल यंदा कसा आला ते. आत्या ते ऐकत नव्हती. ती डावा हात उचलून कानापाशी न्यायची, मग आबांकडे बोट दाखवायची, मग पुन्हा कानापाशी. आबांनी माझ्याकडे बघितलं. 'काय म्हनते ती?'

'फोनवर बोलले ते ऐकलंस का, असं इचारते.'

आबांचा चेहरा पडला. ती फोनवर काही बोलली होती, हेच त्यांना तेव्हा कळलं. एक क्षण मला वाटलं, आता हा माणूस सगळ्यांसमोर खरं बोलेल. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, 'आईकलं, शेवंते. सगळं आईकलं.' आत्याने डोळे मिटले. हात कानाकडे न्यायचा थांबला. आम्ही निघालो तेव्हा ती झोपली होती, आणि आठव्या दिवशी गेली. तेव्हा मात्र सांगायला माणूस आला.

आबांना भेटीला नेलं त्या दिवशी परतताना खालापूरच्या स्टँडवर आबांनी मला विचारलं, 'काय बोलली व्हती गं ती?'

मी म्हटलं, 'तुमी तर सगळं आईकलंत.'

ते वळून एसटीची पाटी वाचायला लागले. मला बरं वाटलं. लपवून काय करू, मला फार बरं वाटलं.

पुढे काही वर्षांनी आमचा बोर्ड काढला. दोऱ्या, झडपा सगळं भंगारात गेलं, त्याच्या जागी एका कुलूपबंद गार खोलीत यंत्रं आली आणि ती माणसाशिवाय माणसांना जोडायला लागली. आम्हा मुलींना काउंटरवर बसवलं. मग कॉम्प्युटर आला. चाळिशी ओलांडलेल्या आम्हा बायकांना शिकवायला पुण्याहून एक टाय लावलेले गृहस्थ आले. त्यांनी 'माऊस हलवा' म्हटल्यावर माझ्या शेजारणीने तो उचलून हवेत हलवला. ते गृहस्थ हसले, आणि मी त्यांना विचारलं की तुम्हाला भाताची लावणी येते का. मी तीन महिन्यांत ते यंत्र शिकले, त्यांच्यावरच्या रागापायी शिकले. हातातला हा फोनही मी तसाच शिकले, पैसे पाठवणं, बिल भरणं, डॉक्टरची वेळ घेणं. कुणाच्या पाया पडले नाही. अवघड काहीच नाही त्यात. या यंत्रांना लोक उगीच घाबरतात, आणि त्याहून जास्त लोक उगीच मोठेपणा देतात.

आबांना मी त्यांच्या वयाच्या ऐंशीनंतर मोबाईल घेऊन दिला, बटणांचा. डब्यातलं बोलणं नको म्हणणारा माणूस तो डबा सदऱ्याच्या आतल्या खिशात, छातीशी घेऊन फिरायला लागला. एका घंटेला उचलायचे. 'बोला, मी हाय.' चुकून लागलेल्या फोनवरच्या परक्या माणसाची चौकशी करायचे. कंपनीची बाई आधीच भरून ठेवलेल्या आवाजात 'गाणं हवं असेल तर एक दाबा' सांगायची, ती बोलायची थांबेपर्यंत कान देऊन ऐकायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, 'आबा, ठेवा तो. ते यंत्र बोलतंय, तिथे कुणी नाही.' ते म्हणाले, 'आसंल. पन बाई बोलतेय तर मधीच कसा ठेवू?' आणि फोन बंद झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, 'मंदे, आता तरी सांग. काय बोलली व्हती ती?'

मी म्हटलं, 'ऑपरेटरने लोकांचं बोलणं बाहेर सांगायचं नसतं, आबा. नियम आहे.'

'बरं,' आबा म्हणाले.

त्याच वर्षी ते गेले. शेवटच्या आठवड्यातसुद्धा भेटायला येणाऱ्याला ते सांगत होते, माझ्या पोरीच्या लग्नाला माझी बहीण आली नाही, एवढं एकच मनात राहिलं. मी तिथेच बसलेली असायचे, औषधाची वेळ बघत.

आता आमच्या भावकीचा ग्रुप आहे, त्यात शंभरावर माणसं आहेत. सकाळी सहापासून गुलाबाची फुलं येतात. लग्नाची पत्रिका त्यावर पडते आणि खाली लिहिलेलं असतं, हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं. आणि सगळे मुकाट्याने समजतात, कुणी रुसत नाही, कारण रुसायलासुद्धा समोरचा माणूस आपला वाटावा लागतो. गेल्या वर्षी कुणीतरी सुमनताईच्या लग्नाचा जुना काळा-पांढरा फोटो त्यावर टाकला. खाली एका भाच्याने विचारलं, 'यात शेवंताआजी कुठल्या?' कुणी उत्तर दिलं नाही. मी चष्मा लावला आणि एका बोटाने लिहायला बसले. वखार, दुकानातला रिसीव्हर, उडवी, पदरातले तांदूळ, सगळं लिहिलं. लिहायला दुपार गेली. पाठवून दिलं. दहा मिनिटांत वीसेक जोडलेले हात आले. एकाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी गेलेल्या बाईला. एकाने रडणारं तोंड पाठवलं आणि लगेच खाली कुठल्याशा भूखंडाची जाहिरात.

मग फोन वाजला. सुमनताई होती. तिला सत्तरी लागलीय, लिहिणं जमत नाही, नातीने वाचून दाखवलं होतं.

'मंदे, खरं हाय हे? आत्या आलती?'

'आलती.'

'मी पाटावर बसून रडलेवते गं. आन् ती माझ्या मागंच हुबी?' मग म्हणाली, 'आबांना म्हाईत व्हतं?'

'नाही.'

'तू सांगितलं नाय?'

'ऑपरेटरने बाहेर सांगायचं नसतं, ताई. नियम होता.'

'नियम?' ताई म्हणाली. 'मी माहेरपनाला आले की जेवताना तू काय करायचीस? कारखान्याचा साहेब बायकोला काय थापा मारतो, वखारवाला कुनाशी गोड बोलतो, आवाज काढून काढून सांगायचीस. आबांना हसून हसून ठसका लागायचा, आई पाठ चोळायची. तू नियम म्हनालीस तवा आबा काय म्हनाले?'

'बरं म्हणाले.'

'म्हंजे त्यांना कळलं व्हतं,' ताई म्हणाली. 'तू मुद्दाम सांगत नायस हे कळलं व्हतं. म्हनून बरं म्हनाले.'

मी 'हो' म्हटलं. फोन तिने ठेवला.